आधी इथं बोलून घे

कुमुदताई गेल्याचं मला राऊतने कळवलं. यात विशेष ते काय, असं तुम्हाला वाटेल. पण हा राऊत म्हणजे तोच, ज्याने एकेकाळी मला वकिलाची नोटीस पाठवली होती आणि ज्याला कोर्टात खेचल्याशिवाय राहणार नाही, असं मी माझ्या कारखान्याच्या दारात उभं राहून चारचौघांसमोर सांगितलं होतं. नागपूरजवळ हिंगण्याच्या आमच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू होता, फोनवर काही ऐकू येईना, म्हणून मी बाहेर कडुनिंबाखाली आलो. "सुधाकरभाऊ, ताई गेल्या गा," तो म्हणाला. "पहाटे. झोपेतच गेल्या." फोनमधून काटोलच्या त्याच्या पॅकिंग हाऊसमधले क्रेट आपटल्याचे आवाज तेवढे येत होते. मग तोच म्हणाला, "तू बर्डीवर थांब. मी गाडी घेऊन निघून राहिलो. संगंच जाऊ."

घाटावर बरीच गर्दी होती. ताईंच्या ऑफिसातला ज्युनियर वकील माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, इथले निम्मे लोक एकमेकांचे विरोधी पक्षकार आहेत." मी मान वर करून पाहिलं तर खरंच होतं. बटाट्याचे वेफर करणारा आणि त्याला तेल पुरवणारा एका छत्रीच्या सावलीत उभे होते. कोराडीकडे राखेच्या विटा करणारे दोघे, जे एका ठेक्यावरून एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते, ते एकाच बाकावर बसले होते. यांच्यापैकी कोणीच ताईंच्या नात्यागोत्याचं नव्हतं. मीही नव्हतो. कुमुदताई वकील होत्या, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या कारकुनी घराण्यातल्या, आणि कंपन्यांची भांडणं कोर्टापर्यंत जाऊ न देणं हा त्यांचा धंदा होता. बारमधले इतर वकील त्यांना चिडवायचे, की बाई केस न लढण्याची फी घेतात. त्या म्हणायच्या, घेते ना, आणि तुमच्यापेक्षा कमी घेते.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती राऊतच्या नोटिशीमुळेच. दहा-बारा वर्षं झाली असतील. नोकरी सोडून मी नुकताच स्वतःचा कारखाना काढला होता. संत्र्यांची आकाराप्रमाणे प्रतवारी करणारं मशीन आम्ही बनवायचो, आजही तेच बनवतो. काटोलच्या राऊतची ऑर्डर ही आमची पहिली मोठी ऑर्डर. घर गहाण टाकून शेड उभारलेली होती, आणि काटोलात एका माणसाचं मशीन बिघडलं की दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजारात बोंब होते, हे मला माहीत होतं. मशीन लावून आठवडा झाला नाही तोच नोटीस आली. मशीनमधून निघालेल्या संत्र्यांवर तपकिरी डाग पडतात, माल परत आला, उरलेले पैसे देणार नाही, उलट नुकसानभरपाई द्या. माझा पारा असा चढला की विचारू नका. मी एका बैठकीत उत्तर लिहून काढलं. त्यात राऊतच्या पॅकिंग हाऊसपासून त्याच्या अकलेपर्यंत काहीही सोडलं नव्हतं. ते टाइप करून द्यायला एका मित्राकडे गेलो तर त्याने वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "बर्डीवर एक बाई आहेत. वकील आहेत, पण केस लावू देत नाहीत. आधी त्यांना दाखव."

बर्डीच्या मेन रोडमागे कापडाच्या एका दुकानावर पहिल्या मजल्यावर ताईंचं ऑफिस होतं. जिन्यात कोऱ्या कापडाचा वास यायचा. आत टेबल, पुस्तकांची कपाटं, सगळं वकिलाकडे असतं तसंच. फक्त खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, रुंद हातांची, बसून बसून खोलगट झालेली, आणि तिच्यासमोर एक साधा स्टूल. मी टेबलासमोरच्या खुर्चीवर बसायला गेलो तर ताई म्हणाल्या, "तिथं नको गा. ती कागदपत्रांची खुर्ची आहे. तू चिडलेला दिसतो, तू इथं बस." मी वेताच्या खुर्चीत बसलो. त्या स्टुलावर बसल्या, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, एक संत्रं घेतलं आणि सोलायला लागल्या. "हं. जे लिहून आणलं ते खिशात ठेव अन् तोंडाने सांग. आधी इथं बोलून घे. शिव्या दिल्या तरी चालेल, जिन्याखाली ऐकू जात नाही."

मी बोललो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताई मधे एकदाही बोलल्या नाहीत. संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे एकेक करून काढायच्या आणि फोड माझ्या तळहातावर ठेवायच्या. समोरच्या बाईने सोलून दिलेली फोड खाल्ल्याशिवाय राहता येत नाही, आणि तोंडात फोड असली की माणसाला ओरडता येत नाही. त्यांचं सगळं शास्त्र एवढंच. पुढे मी पाहिलं, संत्र्यांचे दिवस नसले की त्या भुईमुगाच्या शेंगा फोडून द्यायच्या. दुसरं संत्रं संपेपर्यंत माझ्याजवळचं सगळं बोलून झालं होतं आणि मला कसंतरीच वाटत होतं, उलटी होऊन गेल्यावर वाटतं तसं. तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला. "समज, केस झाली अन् तू जिंकला. निकाल लागला त्या दिवशी तुझ्या हातात काय पाहिजे?"

मी म्हणालो, "त्याची माफी पाहिजे."

"माफी घेऊन काय करशील? फ्रेम करशील? नीट विचार कर."

मी विचार केला. खाली कापडवाला कोणाशी तरी भाव करत होता तो ऐकू येत होता. शेवटी मी जे म्हणालो त्याचं माझं मलाच नवल वाटलं. "राऊतची पुढची ऑर्डर पाहिजे, ताई. त्याने दोन मशीन आणखी घेईन म्हटलं होतं."

"मग चल काटोलला," त्या म्हणाल्या. "उद्याच. तिकडं पुरावा सडून राहिला अन् तू इथं कागद लिहीत बसला."

पुरावा सडून राहिला, हे शब्दशः खरं होतं. आंबिया बहाराची संत्री होती. आम्ही दावे-प्रतिदावे करत बसलो असतो तर कोर्टाने तपासणीला कोणी पाठवेपर्यंत ना ती फळं उरली असती, ना तो हंगाम. मग वर्षानुवर्षं दोघांचे वकील न दिसणाऱ्या डागांवर बोलत राहिले असते. ताईंनी माझ्यासमोरच राऊतच्या वकिलाला फोन लावला. "तुमचा माणूस अन् माझा माणूस मशीनजवळ उभे करू. तुम्हीही या. तिथं जे बोलणं होईल ते कोणी पुढं एकमेकाविरुद्ध वापरायचं नाही, एवढं दोन ओळीत लिहून देते. सोबत पाहून जे कागदावर लिहू, तेवढं मात्र दोघांवर बंधनकारक." समोरचा वकील बहुधा गोंधळला असावा, कारण ताईंना तेच दोनदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. माझी गाडी होती, पण ताई म्हणाल्या, गाडीत तू वाटभर बडबड करशील, बसमध्ये लोक असतात. पॅकिंग हाऊसच्या फाटकात राऊत उभा होता, हाताची घडी घालून. त्याने या म्हटलं, पण पाणी विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. ताई सरळ त्याच्याजवळ गेल्या. "राऊतभाऊ, आधी पाणी द्या बाप्पा. भांडायला घसा ओला लागतो." राऊत वरमला. पाणी आलं, पाठोपाठ चहा आला. मग ताईंनी मशीनशेजारी दोन स्टूल मागवले आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं. समोरासमोर नाही, शेजारी, म्हणजे दोघांचंही तोंड मशीनकडे.

पुढचे तीन दिवस आम्ही काटोलला जाऊन-येऊन होतो. ताईंनी फार काही केलं नाही. एकाच बागेतली संत्री चार वाटे करून चालवायला लावली. पहाटे तोडलेली ओली आणि दुपारी तोडलेली कोरडी. दोन्हींचा एकेक वाटा माझ्या नुसत्या रोलरवर आणि एकेक रोलरला फोम गुंडाळून. क्रेटवर खडूने खुणा केल्या आणि डाग उठायला वेळ लागतो म्हणून ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी क्रेट उघडले. पहाटेच्या दवात तोडून तसंच मशीनवर टाकलेलं फळ फोम असो-नसो डागाळलं होतं. तो राऊतचा भाग. आणि कोरडं फळसुद्धा माझ्या नुसत्या रोलरवर थोडं दुखावलं होतं, फोमवर अजिबात नाही. तो माझा. आम्ही दोघं क्रेटवर वाकून पाहत होतो. शेवटी राऊत म्हणाला, "म्हणजे दोघंही शहाणेच निघालो गा आपण." मला हसू आलं. मग ताईंनी आमच्याकडून एक कागद लिहून घेतला. दोघांचा मिळून एकच. दिसलं तेवढं लिहा, वाटलं ते लिहू नका, असं त्या परत परत सांगत होत्या. मी 'निष्काळजीपणामुळे' असा शब्द घातला तर त्यांनी तो खोडायला लावला. "तो तुले दिसला का? कुठं आहे, कोणत्या क्रेटमध्ये?" मी रोलर बदलून द्यायचे, राऊतने फळ सावलीत सुकल्यावरच चालवायचं, उरलेले पैसे द्यायचे, नोटीस मागे. दोन्ही वकिलांनी सह्या केल्या आणि विषय संपला. माझी शेड वाचली. हे मी आज इतक्या सहज लिहितोय, पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला घरचं दार डोळ्यांसमोर दिसत होतं आणि मी नुसता खिडकीबाहेर पाहत बसलो होतो.

ताई मात्र बोलत होत्या. "एक सांग. मशीन घ्यायच्या आधी राऊतने विचारलं होतं का, संत्र्यावर चालवून पाहिलं का म्हणून?"

"विचारलं होतं. पण तेव्हा संत्र्याचा सीझन नव्हता, ताई. आम्ही मोसंबीवर चालवून पाहिलं होतं."

आता, मोसंबीची साल टणक आणि घट्ट. आपल्या संत्र्याची सैल, पोकळ. हे नागपुरात शाळेतल्या पोरालाही माहीत.

"मग तू राऊतला काय सांगितलं?"

"सांगितलं... होऊन जाईल म्हणून."

ताई इतक्या हसल्या की पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. डोळे पुसत म्हणाल्या, "सुधाकर, माझ्या आयुष्यातल्या सगळ्या केसेस या दोन शब्दांतून निघाल्या आहेत." आणि ते खरंच आहे. आमच्याकडे नाही म्हणणं उद्धटपणाचं समजतात. माल कधी देता? होऊन जाईल. इतक्या उन्हात मोटर टिकेल का? टिकून जाईल, टेन्शन काहून घेता. विचारणाराही तेवढ्यावर समाधान मानून घरी जातो, आणि तीन महिन्यांनी दोघंही वकील शोधत फिरतात. त्या वर्षापासून ताई दर दिवाळीआधी आमच्या कारखान्यात येऊन एक दिवस बसायच्या. कायदा वगैरे काही सांगायच्या नाहीत. आमचा विक्रीचा माणूस फोनवर गिऱ्हाइकाशी काय बोलतो ते नुसतं ऐकायच्या, आणि तो जे तोंडाने कबूल करतो आणि आमच्या ऑर्डरच्या कागदावर जे छापलेलं आहे, यातला फरक दाखवायच्या. जे तपासलं नाही ते 'तपासलेलं नाही' असं लिहायला त्यांनी आम्हाला शिकवलं. सुरुवातीला वाटलं, असं लिहिलं तर माल कोण घेईल? पण लोक घेतात. उलट जास्त विश्वासाने घेतात. आणि प्रत्येक करारात शेवटच्या पानावर त्यांचं एक कलम असायचं, की वाद झाला तर आधी दोन्ही मालकांनी माल जिथे पडलाय तिथे भेटायचं, नोटीस त्यानंतर. आमच्याकडे त्याला चहाचं कलम म्हणतात. काही वर्षांनी कायद्यातच आलं, की व्यापारी दावा लावण्याआधी, फार तातडी नसेल तर, मध्यस्थी करून पाहा. मी मोठ्या कौतुकाने ताईंना सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "चला, सरकारलाही चहा पाजायची बुद्धी झाली."

यावरून कोणाला वाटेल की बाई मवाळ होत्या. मुळीच नाही. एकदा एका माणसाने आमच्या कारखान्याच्या नावाची पाटी ठोकून हलकी मशीनं विकायला सुरुवात केली. तोपर्यंत मी ताईंच्या तालमीत इतका तयार झालो होतो की म्हणालो, जाऊन भेटू का त्याला? ताई म्हणाल्या, "याला चहा नाही. हा चुकलेला नाही, हा चोर आहे." आठवड्याच्या आत त्यांनी कोर्टातून मनाई आणली. मला त्यात भरपाईपासून बदनामीपर्यंत सतरा मागण्या घालायच्या होत्या. त्यांनी एकच ठेवली, पाटी काढा. "जेवढं मागशील तेवढं सिद्ध करत बसावं लागेल, अन् तेवढा काळ तू कारखान्याऐवजी माझ्याकडे राहशील. मला नाही परवडत." पाटी निघाली, तसा त्या माणसाचा धंदाही बसला.

त्या अशा का झाल्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. उन्हाळ्याची दुपार होती, कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि आम्ही दोघं घामाघूम होऊन शेंगा खात बसलो होतो. तरुणपणी त्या एका मोठ्या कंपनीच्या विधी विभागात नोकरीला होत्या. लागल्या तेव्हाच एक खटला सुरू होता, कुठल्याशा पंपाच्या सुट्या भागांवरून. तो त्यांच्याकडे आला आणि वर्षानुवर्षं चालला. साहेब बदलले, साक्षीदार निवृत्त झाले, एक वारला. ताईंनी जीव तोडून काम केलं आणि शेवटी कंपनी जिंकली. पेढ्यांचा खोका घेऊन त्या ऑफिसात गेल्या तर लोक पेढा उचलून विचारायला लागले, कोणती केस? कंपनीने ते पंप बनवणं कधीच बंद केलं होतं. समोरच्या माणसाचा कारखाना विकला गेला होता. "मी त्याला फोन केला," ताई म्हणाल्या. "काहून केला ते माहीत नाही. तो म्हणाला, मॅडम, अभिनंदन, तुमच्याशिवाय या केसची आठवण असलेला मीच एक राहिलो होतो... मग मी ते पेढे घरी नेले. कोणाला देऊ, कळेना." पुढे त्यांनी नोकरी सोडली, बर्डीवर खोली घेतली आणि जुन्या बाजारातून ही वेताची खुर्ची आणली.

शेवटची भेट दिवाळीतली. फराळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. थकल्या होत्या, आवाज बारीक झाला होता. मला पाहून म्हणाल्या, "कोणावर चिडला सध्या?" मी म्हटलं, कोणावरच नाही. "मग काहून आला?" म्हणाल्या आणि हसल्या. मी म्हणालो, तुम्हाला पाहायला. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्या नुसता माझा हात धरून बसल्या. मला आज वाटतं, थोडा वेळ आणखी बसलो असतो तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर त्यांची पुतणी टेम्पोत घालून ती खुर्ची माझ्या कारखान्यात घेऊन आली. काकूंनी सांगून ठेवलं होतं म्हणे, "ती सुधाकरला द्या, त्याला अजून लागेल." शेवटपर्यंत चिडवायचं सोडलं नाही बाईंनी. मी ती केबिनमध्ये खिडकीशी ठेवली, पण बसलो कधी नाही. बसून करू काय? ती खुर्ची एकट्याने बसायची नाहीच मुळी. समोर कोणीतरी स्टुलावर पाहिजे.

आणि गेल्या आठवड्यात नोटीस आली. परराज्यातली एक कंपनी, आजवरची आमची सगळ्यात मोठी ऑर्डर. मशीन उशिरा पोचलं, हंगामाचं नुकसान झालं, अमुक द्या नाहीतर तमुक करू. उशीर त्यांच्याच गोदामाची जागा तयार नव्हती म्हणून झालेला. माझं डोकं फिरलं. नव्या वकिलाने सणसणीत उत्तर तयार करून मेलवर पाठवलं, वाचून बरंच समाधानही वाटलं. पाठवा, एवढं मी म्हणायचं बाकी होतं. फोन हातात घेतला, आणि लावला तो राऊतला. कशासाठी, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. त्याने अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "कुठंच काही पाठवू नको. मी येऊन राहिलो."

तो आला तो पिशवी घेऊन. त्याच्याच बागेतली संत्री, दव सुकल्यावर तोडलेली, हे त्याने आवर्जून सांगितलं. केबिनमध्ये शिरला, इकडेतिकडे पाहिलं, वेल्डरचा स्टूल ओढून आणला आणि खिडकीशी मांडला. मग मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसला. पुढे तोही ताईंच्या त्या खुर्चीत बसून गेला होता. "बस गा त्या खुर्चीत." मी बसलो. पहिल्यांदाच बसलो. वेत कुरकुरला. राऊतची बोटं जाड, त्याला ते पांढरे धागे नीट काढता येईनात, फोडी फुटत होत्या, पण तो मान खाली घालून सोलत राहिला. मी बोलत गेलो. त्या कंपनीचा, तिच्या मॅनेजरचा, त्याच्या खानदानाचा उद्धार करून झाला. बाहेर ग्राइंडर केव्हा थांबला कळलं नाही. बोलणं संपलं तेव्हा राऊतने वर पाहिलं आणि अडखळत, पाठ केल्यासारखं विचारलं, "निकाल लागला त्या दिवशी तुह्या हातात काय पाहिजे?"

मला उत्तर माहीत होतं. त्या लोकांच्या गावाला जायचं, त्यांच्या गोदामात मशीनजवळ त्यांच्या शेजारी बसायचं, हे तो प्रश्न येण्याआधीच ठरून गेलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ताई पाहिजे होत्या गा," मी म्हणालो.

राऊतचेही डोळे भरले होते. त्याने हातातली फुटकी फोड माझ्या तळहातावर ठेवली. "त्या नाहीत आता," तो म्हणाला. "हे खा. अन् तिकिटं दोन काढ, मी बी येतो तुह्यासंग."

मी ती फोड तोंडात टाकली.